खाऱ्या पाण्यानं धुतलेल्या गाड्या

"आमची गाडी राजकमल चौकात उभी आहे," अनुप फाटकातूनच म्हणाला. सायकल त्यानं भिंतीला टेकवली, ती घसरून पडली, तरी त्यानं वळून पाहिलं नाही.

वर्षाली आणि रागिणी या दोघी बहिणी अंगणात अकोल्याला न्यायच्या पिशव्या भरत होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागसेनमामाकडे जायचं ठरलं होतं, आणि शेजारचा अनुपही बरोबर येणार होता. आंबे किती न्यायचे यावरून दोघींचं बराच वेळ वाजत होतं. अनुपचं बोलणं ऐकलं आणि रागिणीच्या हातातला आंबा हातातच राहिला.

"तुमचीच कशावरून?" वर्षालीनं विचारलं.

"डाव्या दारावरचा ओरखडा मीच पाडलेला आहे. त्या ओरखड्यापायी मी मार खाल्लाय. तो मी ओळखणार नाही?"

तिघंही निघाले. जाताना वर्षालीनं मागं वळून पाहिलं. व्हरांड्यात ज्योत्स्नामावशी खुर्चीत बसली होती. मांडीवर पुस्तक होतं, पण नजर रस्त्याकडे होती. त्या रस्त्यानं काही यायचं नाही हे ठाऊक असलेल्या माणसासारखी ती बघत होती.

गोष्ट अशी होती. अमरावतीत, नागपूरच्या रस्त्यावर, रथसारथी मोटर्स नावाचं मोठं, काचेचं शोरूम होतं. हिवाळ्यातल्या एका सकाळी त्याला कुलूप दिसलं. मालक बुडाला म्हणे. बँकेच्या माणसांनी दाराला सील लावलं तेव्हा आत नव्या गाड्या होत्या, खुर्च्या होत्या, पाण्याचं मशीनही होतं. नव्हत्या त्या फक्त दुरुस्तीसाठी दिलेल्या लोकांच्या गाड्या. बँक म्हणाली, आम्हाला मिळाल्याच नाहीत. मॅनेजरचा फोन बंद. चौकीत तक्रार लिहून घेतली, आणि बघतो म्हणाले. अनुपच्या बाबांची गाडी त्यात गेली आणि ज्योत्स्नामावशीचीही.

मावशीची गाडी साधी नव्हती. मावशीला लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून दोन्ही पायांत बळ नाही. ती कुबड्यांवर चालते आणि वलगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. धर्मपाल आजोबा, म्हणजे मावशीचे बाबा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लेकीच्या गाडीत स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला एक लोखंडी दांडा बसवला. पुढं ढकलला की ब्रेक, मागं ओढला की वेग. कितीतरी दिवस ते घासत होते, जोडत होते, काढून पुन्हा लावत होते. आरटीओत नेऊन त्यांनी गाडी पास करून घेतली. त्या दांड्याच्या जोरावर मावशी रोज एकटी वलगावला जायची.

आजोबा गेल्या श्रावणात वारले. त्यानंतर काही महिन्यांतच गाडीही गेली.

काही दिवस मावशी ऑटोनं गेली. पण कुबड्यांवरून ऑटोत चढता येत नाही. दोघांनी काखेत हात घालून उचलावं लागायचं, तेही चौकात, विद्यार्थ्यांसमोर. एक दिवस ती घरी येऊन आईला म्हणाली, "ताई, मले उचलून ठेवायचं सामान नाही व्हायचं." सुट्ट्या संपल्या की ती नोकरी सोडणार होती. राजीनामा देऊनही झाला होता.

राजकमल चौकात गाडीजवळ एक धोतरवाले गृहस्थ उभे होते. मागच्या सीटवर लग्नाच्या बस्त्याची गाठोडी होती. अनुपनं ओरखड्यावर बोट ठेवलं.

"पोट्ट्या, हात काढ," गृहस्थ म्हणाले. "काचेसारखी ठेवतो मी गाडी."

"काका, ही आमची गाडी आहे."

"आन् मी काय भाड्यानं उभा हाव इथं?"

मग वर्षालीनं शांतपणे सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता गृहस्थांचा चेहरा उतरत गेला. त्यांचं नाव शेषराव, वरूडला त्यांची संत्र्याची बाग. गाडी त्यांनी बंडूभाऊ नावाच्या दलालाकडून घेतली होती. कागद मागून येतील असं तो म्हणाला होता आणि ते अजून यायचेच होते. गाडी ठेवतो ती जागा तो कोणाला दाखवत नाही. मूर्तिजापूरजवळच्या एका धाब्यावर स्वतः गाडी आणून हातात किल्ली दिली, बस.

"पोरीच्या लग्नात वरात न्याले घेतली, बापा," शेषराव म्हणाले आणि बोनेटला टेकून उभे राहिले. आता ती त्यांनी काचेसारखी ठेवायची की नाही, हे त्यांनाही कळेना.

रागिणी आणि अनुप त्यांच्याशी बोलत होते तेव्हा वर्षाली गाडीभोवती फिरत होती. मावशीची सवय तिला लागली होती: आधी बघायचं, मग बोलायचं. समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं वायपर पोचत नाही, पांढरे ठिपके सुकले होते. काचेखालच्या जाळीत कापसाचे पुंजके अडकले होते, त्यात सरकीचे दोन-चार दाणे. तिनं बोट ओलं करून एक ठिपका टिपला आणि जिभेला लावला.

"शी!" रागिणी म्हणाली.

"खारट आहे," वर्षाली म्हणाली.

शेषरावांना विचारून तिनं कोपऱ्यातली पांढरी पूड कागदाच्या पुडीत खरवडून घेतली. घरी येऊन ती मावशीच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि पुडी मावशीच्या पुस्तकावर ठेवली.

मावशीनं पुडी उघडून पाहिली. मग म्हणाली, "लिंबू पिळून पाहिलंस?"

लिंबू पिळलं. फेस आला नाही. म्हणजे आपल्या बोअरच्या पाण्याचा चुना नव्हे. मावशीनं कपाटातून सिल्व्हर नायट्रेटची काळी बाटली काढायला सांगितली. पूड नळाच्या पाण्यात विरघळवायला निघालेल्या अनुपला तिनं थांबवलं. नळाच्या पाण्यात आधीच मिठातलं क्लोराइड असतं, मग तुझ्या प्रयोगाला अर्थ काय? इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली आणली गेली. त्यात पूड विरघळवली, वरून दोन थेंब टाकले, आणि दही फाटावं तसा पांढरा साका खाली बसू लागला.

"मीठ," मावशी म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिच्या आवाजाला वर्गातली धार आली होती. "आता पुढं तू सांग."

वर्षाली विचार करत एकेक वाक्य बोलत गेली. खारं पाणी म्हणजे खारपाणपट्टा, पूर्णा नदीकाठचा, दर्यापूर-अकोल्याकडचा. सरकीसकट कापूस म्हणजे जिनिंग, जिथं कापसातून सरकी वेगळी करतात. पण त्या भागात आता गावोगाव गोड्या पाण्याचा नळ आहे. नळ असताना खाऱ्या पाण्यानं गाडी कोण धुवेल? म्हणजे ते जिनिंग बंद पडलेलं, नळही कापलेला. आत फक्त एखादा हापसा.

"आणि बंद जिनिंगची वीजही कापलेली असणार," अनुप म्हणाला.

"आणि मामा विजेच्याच खात्यात आहे!" रागिणी ओरडली.

मावशीनं फोन उचलला.

नागसेनमामा आधी हसला. पोरांनी सुट्टीत कादंबऱ्या वाचल्या की असंच होतं, असं त्याचं म्हणणं पडलं. पण बहिणीनं शब्द टाकला होता. अकोल्याला पोचल्यावर त्यानं पोरांना एका मित्राच्या व्हॅनमध्ये घातलं आणि वीज कापलेली जिनिंगं दाखवत फिरवलं. पहिल्या ठिकाणी नुसतं गवत होतं. दुसऱ्या ठिकाणी मंगल कार्यालय झालं होतं. तिसरं दर्यापूरच्या रस्त्यावर, म्हैसांगच्या अलीकडे. पत्र्याची उंच शेड, गंजलेलं फाटक, आणि आतून हापशाचा कुरकुर आवाज.

मामाला पुढच्या गावात बिघडलेला ट्रान्सफॉर्मर बघायचा होता. "पाणी मागाच्या बहाण्यानं पाहून घ्या," तो म्हणाला. "भलतं काई करू नका. दिसलं तर मले फोन करा."

फाटक नत्थुजी नावाच्या म्हाताऱ्या चौकीदारानं उघडलं. पाणी मागितल्यावर तो हापशाकडे गेलाच नाही. सावलीतल्या मडक्यातून त्यानं लोटाभर पाणी दिलं.

"हापशाचं नोको पिऊ बाई. खारं हाय. हे मी गावातून डोक्यावर आणतो."

"मग हापशाचं कशाला लागतं?" रागिणीनं विचारलं.

"गाड्या धुवाले," तो अभिमानानं म्हणाला आणि शेडचं दार ढकललं.

आत उन्हाच्या तिरिपीत गाड्या ओळीनं उभ्या होत्या. कोपऱ्यात जुन्या सरकीचा ढीग होता. प्रत्येक गाडी धुतलेली, पुसलेली. गेल्या पाडव्याला घातलेल्या झेंडूच्या माळा वाळून आरशांना लटकत होत्या. गाड्या शोरूमच्या आहेत, मालक अडचणीत आहे म्हणून इथं ठेवल्यात, असं त्याला बंडूसाहेबांनी सांगितलं होतं. दुसऱ्याची वस्तू आपल्या राखणीत आहे, ती धुळीत कशी राहू द्यायची, सणाला बिनपुजेची कशी ठेवायची? म्हणून तो रोज एकेक करून सगळ्या धुवायचा. गाव सगळं म्हणायचं, नत्थू, बिनचालत्या गाड्यांले काहून आंघोळ घालून राहिला?

वर्षाली त्याचं बोलणं अर्धंच ऐकत होती. दाराशीच, बाहेर काढायला तयार अशी, राखाडी गाडी उभी होती. मागच्या काचेवर निळ्या अशोकचक्राचं स्टिकर. ते आजोबांनी लावलं होतं. लावताना जरा वाकडं झालं, तेव्हा आजी हसली होती.

ती धावत पुढच्या दाराशी गेली. काचेला दोन्ही हात लावून आत पाहिलं. आणि तशीच उभी राहिली.

अनुप शेजारी आला. स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला काहीच नव्हतं. खाली, पेडलजवळ, कापलेल्या लोखंडाचे दोन चकचकीत गोल तेवढे दिसत होते.

"इथं एक दांडा होता," वर्षाली म्हणाली.

"होता ना. साहेबानं कटर लावून काढला. म्हणे, असली लंगड्याची गाडी कोन घेईन? भंगारवाल्यानं नेला." नत्थुजी हसत होता, पण पोरीचा चेहरा बघून थांबला. "काऊन बाई? काय झालं?"

रागिणीनं सांगितलं. आपल्या मावशीच्या पायांबद्दल, वलगावबद्दल, आजोबांबद्दल, आजोबा आता नाहीत याबद्दल. नत्थुजी हळूहळू खाली बसला. हातातलं ओलं फडकं त्यानं मांडीवर ठेवलं आणि त्याच्या घड्या घालत राहिला.

"मले नाही म्हाईत होतं," तो म्हणाला. "पण आज दुपारी साहेब हीच गाडी न्याले येऊन राहिले. गिऱ्हाईक भेटलं म्हणे."

अनुपनं मामाला फोन लावला. पोलिसांना घेऊन येतो, मामा म्हणाला, पण वेळ लागेल, तोवर तुम्ही बाहेर जाऊन रस्त्यापलीकडे थांबा. आणि त्याच वेळी रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला.

"सगळ्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या असतील ना?" वर्षालीनं घाईनं विचारलं.

उतरल्याच होत्या, नत्थुजीनं सांगितलं. म्हणून बंडूसाहेबांनी एक चांगली बॅटरी आणून ठेवली होती. जी गाडी विकायची, तिला तीच लावायची, धाब्यावर पोचवायची, तिथं गिऱ्हाइकाची नवी बसवून ही परत आणायची. त्या एका बॅटरीवर इथल्या सगळ्या गाड्या बाहेर जात होत्या. ती दाराशी पोत्यावर ठेवलेली होती.

बॅटरी नसेल तर गाडी हलणार नाही. अनुप आणि वर्षालीनं पोत्याची टोकं धरून बॅटरी शेडच्या कोपऱ्यात फरफटत नेली. रागिणीनं दोन्ही हातांनी सरकीच्या ढिगात खड्डा केला. बॅटरी आत गेली आणि वरून सरकी घसरून जागा जशीच्या तशी झाली. मग तिघंही मागच्या मोडक्या खिडकीतून बाहेर पडले आणि कुंपणाच्या बाभळीआड बसले.

नत्थुजी बघत होता. तो उठून हापशाकडे गेला आणि बादली भरू लागला.

बंडूभाऊ चकाचक शर्टातला, गोड बोलणारा माणूस होता. पण बॅटरी सापडेना तसा त्याचा गोडवा उतरत गेला. त्यानं पोती उलटीपालटी केली, गाड्यांखाली वाकून पाहिलं, नत्थुजीवर ओरडला. धाब्यावर खोळंबलेल्या गिऱ्हाइकाचे फोनवर फोन येऊ लागले.

"म्हातारा झालो साहेब," नत्थुजीचा आवाज खिडकीतून ऐकू आला. "काल होती. आज डोळ्याले दिसून नाही राहिली."

"बॅटरीले पाय फुटले का?"

"ज्याले पाय नाहीत त्याचं तुमी लोखंड कापता, साहेब. बॅटरीले फुटले तर काय नवल?"

बंडूभाऊला त्याचा अर्थ कळला नाही. कळेपर्यंत फाटकापाशी पोलिसांची जीप थांबली होती आणि नागसेनमामा उतरत होता.

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या आवारात जत्रा भरल्यासारखी माणसं जमली. अमरावतीहून, अचलपूरहून, बडनेऱ्याहून गाड्यांचे मालक आले. एकानं बोनेटवर डोकं टेकलं. एका आजीबाईंनी आपल्या गाडीची दृष्ट काढली. अनुपच्या बाबांनी त्याला पोटाशी धरलं. शेषरावही आले होते. त्यांनी आपल्याकडच्या गाडीची किल्ली फौजदारसाहेबांच्या टेबलावर ठेवली आणि वरात बैलगाडीनं नेऊ म्हणाले. फौजदारसाहेबांनी तिघांना पुढं बोलावलं. मिठावरून जागा शोधणारे अशी हुशार मुलं मी पाहिली नाहीत, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. टाळ्या वाजल्या. वर्तमानपत्रवाल्यानं फोटो काढला. त्या फोटोत रागिणी हसते आहे, अनुप हसतो आहे, आणि वर्षाली खाली बघते आहे.

मावशी आईबरोबर आली. तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. कुबड्या टेकत ती राखाडी गाडीपाशी गेली. नत्थुजी एका बाजूला, टोपी हातात घेऊन उभा होता.

"बाई, तुमची गाडी मी रोज पाण्यानं धुतली जी. धूळ बसू नाही देली."

वर्षालीनं खाली वाकून पाहिलं होतं. दारांच्या खालच्या कडा गंजानं फुगल्या होत्या. चाकांमागचा पत्रा बोट लावलं की पापुद्र्यानं सुटत होता. खारं पाणी लोखंडाचं काय करतं हे तिला मावशीनंच शिकवलं होतं. तिनं तोंड उघडलं. मावशीनं तिचा हात घट्ट दाबला.

"दिसते ना, नत्थुजी," मावशी म्हणाली. "काच किती स्वच्छ आहे. आमच्या घरच्यांनीही इतकी नसती ठेवली."

म्हाताऱ्यानं टोपी घातली आणि तोंड फिरवलं.

मग मावशी ड्रायव्हरच्या सीटवर बसली. कुबड्या बाहेर वर्षालीच्या हातात होत्या. मावशीनं उजवा हात स्टेअरिंगवर ठेवला, आणि डावा हात आपोआप पुढं गेला. हवेत थांबला. मूठ मिटली. आत काहीच नव्हतं.

"आम्हाला आणखी आधी शोधता आली असती," वर्षाली म्हणाली, "तर दांडा राहिला असता."

"निरीक्षण बरोबर होतं," मावशी समोर बघत म्हणाली. "निष्कर्षही बरोबर. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला हे जमलं नसतं. उत्तर बरोबर आलं म्हणजे ते आवडेलच असं नाही, बेटा. हे मी तुम्हाला शिकवायचं राहून गेलं."

ती रडत होती, पण आवाज सरळ होता. तिनं हात खाली घेतला. थोड्या वेळानं, नकळत, तो पुन्हा वर गेला आणि हवेत थांबला.

वर्षाली बघत राहिली. तिनं डोळे पुसले आणि पुन्हा नीट पाहिलं.

"मावशी, हात खाली घे. डोळे मीट. आता गाडी चालव."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले. हात वर गेला आणि थांबला. मघाशी थांबला होता तिथंच. तीच उंची, तेच अंतर, मुठीचा तोच कल.

"आजोबांनी कागदावर काही काढून ठेवलं नव्हतं," वर्षाली म्हणाली. "पण तुझ्या हाताला माहीत आहे."

अनुप धावत जाऊन कुंपणाजवळची पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडाची, सरळ काडी घेऊन आला. मामानं ती कापलेल्या लोखंडाच्या गोलावर टेकवून धरली. मावशीच्या मिटलेल्या मुठीपर्यंत जिथं पोचली, तिथं वर्षालीनं नखानं खूण केली. पुन्हा मोजलं. खूण तिथंच आली.

दांडा नवा करावा लागेल, मामा म्हणाला, पुन्हा पासही करून घ्यावा लागेल. आणि पत्र्याचं काय करायचं ते मिस्त्रीच सांगेल.

"कॉलेज उघडेपर्यंत होईल?" रागिणीनं विचारलं.

"नाही व्हायचं," मावशी म्हणाली. "पहिले काही दिवस ऑटोच. उचलून ठेवतील." तिनं गाल पुसले. "ठेवू दे. राजीनामा मी मागं घेते."

तिनं डोळे उघडले नव्हते. पऱ्हाटीची काडी तिनं मुठीत धरली आणि अगदी हळू, मोडणार नाही अशा बेतानं, पुढं ढकलली.

"ब्रेक," ती म्हणाली.